मोज्यातल्या बाटल्या

इंग्लंडमधल्या सुपरमार्केटात सहा पौंडांना मिळणाऱ्या बाटलीत प्रत्यक्ष वाइन किती पेन्सांची असते, हा हिशेब पावतीच्या पाठीवरही मांडता येतो. सहातला एक पौंड व्हॅटचा. १ फेब्रुवारी २०२५ ला लागू झालेल्या दरानं साडेबारा टक्के अल्कोहोलच्या बाटलीवर अबकारी कर २ पौंड ७७ पेन्स होता. उरले २ पौंड २३ पेन्स. त्यात काच आली, झाकण आलं, लेबल, खोका, जहाजाचं भाडं, गोदाम, ट्रक, आयात करणाऱ्याचा नफा आणि दुकानदाराचा नफा आला. सगळ्यांची वाटणी झाल्यावर जी चिल्लर राहते तिच्यात द्राक्षं आणि ती पिकवणारा माणूस. आता शेजारचीच नऊ पौंडांची बाटली घ्या. व्हॅट दीड पौंड, अबकारी तेवढीच. हातात राहिले ४ पौंड ७३ पेन्स. किंमत दीडपट झाली आणि बाटलीत जाऊ शकणारा पैसा दुपटीच्या वर गेला. बारा पौंडांच्या बाटलीत हाच आकडा ७ पौंड २३ पेन्स होतो, म्हणजे सहावालीच्या तिप्पट आणि वर थोडं.

हे गणित समजल्यावर शहाण्या माणसानं सहाच्या बाटलीला हात लावू नये. मी मात्र बरीच वर्षं आवर्जून तिथेच हात घालते. एक तर इथले बहुतेक लोक आठवड्याच्या बाजारात जे घेतात ते याच फळीवरचं. दुसरं कारण जरा आपमतलबी आहे. वाइन मला एकटी कधी कळली नाही. एक बाटली उघडली की ती आवडते किंवा आवडत नाही, विषय संपतो. तिच्या शेजारी दुसरी ठेवली की पहिलीत आंबट किती, तुरट किती, घोट गिळल्यावर चव किती वेळ तोंडात राहते, हे उमगायला लागतं. तुलना करायची तर दोन-चार बाटल्या हव्यात, आणि पगार तर एकच असतो. स्वस्ताईशिवाय हा अभ्यास परवडत नाही.

आमच्या गावातल्या सुपरमार्केटात वाइनची गल्ली एका बाजूला चिप्स आणि दुसऱ्या बाजूला कुत्र्यामांजरांचं खाणं यांच्या मधे आहे. तिथे कुणी दबकत येत नाही की रुबाबात येत नाही. कोबी, दूध, पाव, भांड्यांचा साबण आणि एक लाल, अशी यादी घेऊन पेन्शनर आजी येतात, वाकून खालच्या फळीवरचा पिवळा टॅग बघतात आणि बाटली कोबीशेजारी आडवी करून निघून जातात. आपल्याकडे वाइनच्या वाट्याला एक तर धाक येतो नाहीतर थाट. वाणसामानात तिला अजून जागा मिळालेली नाही. ब्रिटिशांनी ती दिली, आणि मग डाळ-तांदूळ निवडावेत तशा चोखंदळपणे ते तिला निवडूही लागले. १९८९ साली ‘गार्डियन’मध्ये माल्कम ग्लक यांनी ‘सुपरप्लाँक’ हे सदर सुरू केलं. ‘प्लाँक’ म्हणजे साधीसुधी, स्वस्तातली वाइन. वाइनवर लिहायचं म्हणजे बोर्दोच्या हवेल्यांवर लिहायचं, हा रिवाज मोडून त्यांनी थेट सुपरमार्केटातल्या बाटल्यांना मार्क द्यायला घेतलं. आमच्या शनिवारच्या वाइन चाखण्याच्या बैठकीचं कूळ तिथपर्यंत नेता येईल, फक्त आमच्या मार्कांना कुणी विचारत नाही.

बैठक अधूनमधून आमच्याच स्वयंपाकघरात भरते. नियम मोजके. दहा पौंडांच्या वरची बाटली आणायची नाही. आणणाऱ्यानं ती आल्याबरोबर नवऱ्याच्या हवाली करायची. तो फुटबॉलचे लांब मोजे, धुतलेले, बाटल्यांना गळ्यापर्यंत चढवतो आणि वर रबरबँड लावून कागदाचे आकडे अडकवतो. झाकणंसुद्धा बाहेर काढून टाकतो, कारण फिरकीचं झाकण की बूच यावरून माणसं देश ओळखतात आणि देशावरून चव ठरवतात. टेबलावर पाणी आणि बिनमिठाचा पाव. कोल्हापूरकर वहिनी भडंग घेऊन येतात, पण तो डबा मार्क लिहून होईपर्यंत उघडायचा नाही. लाल वाइन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची, कारण हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात ती कोमट होते आणि कोमट लालमधून अल्कोहोलचा भपकाच आधी वर येतो. पांढरी उलट थोडी आधी बाहेर काढून ठेवायची. फार गार वाइनमध्ये वास झोपून राहतो. सुमार पांढऱ्या वाइनला बर्फाइतका मोठा मित्र नाही.

मार्क वीसपैकी. सोलापूरकर डॉक्टर शेऱ्यांच्या रकान्यात केसपेपरसारखं लिहितात. एका गुळगुळीत मर्लोपुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘पेशंट स्टेबल. तक्रार नाही. भूकही नाही.’ वाइनवरची इतकी नेमकी टीका मी कुठल्याही मासिकात वाचलेली नाही.

या बैठकांमधून एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. कागदावर जिंकणारी बाटली आणि रात्री रिकामी झालेली बाटली सहसा एक नसते. पहिल्या फेरीत जी वाइन मऊ, गोडसर, पिकलेल्या फळाच्या वासाची असते तिला सगळे चौदा-पंधरा देतात. जी जरा आंबट, जरा तुरट, जिभेला थोडं थांबवणारी असते तिला अकरा. मग भडंगाचा डबा उघडतो, गप्पा सुरू होतात, मार्कांचा कागद कपाखाली जातो, आणि ज्याला जे हवं ते तो ओतून घेतो. अकरा वाजता मोजे काढायची वेळ येते तेव्हा पंधरावालीत निम्मी वाइन तशीच असते आणि अकरावालीचा तळ दिसत असतो. एका घोटाची परीक्षा आणि एका संध्याकाळची सोबत या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुकानातली पाटी, पदक आणि आपला घाईचा अंदाज या तिघांचा भर पहिलीवर असतो.

गोडसर वाइन पहिल्या घोटाला का जिंकते याला कारण आहे. द्राक्षरसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल करतं. साखर जवळजवळ सगळी संपली की वाइन कोरडी होते. स्वस्त लाल वाइनमध्ये पुष्कळदा थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात, लिटरमागे दहा-बारा ग्रॅमसुद्धा. तेवढ्यानं ती गोड लागत नाही, नुसती गुबगुबीत लागते. कच्चा तुरटपणा तिच्याखाली झाकला जातो. इंग्लंडमध्ये अबकारी आता अल्कोहोलच्या प्रमाणात बसते, त्यामुळे २०२५ च्या त्या दरानं साडेचौदा टक्क्यांच्या बाटलीला ३ पौंड २१ पेन्स आणि अकरा टक्क्यांच्या बाटलीला साधारण २ पौंड ४४ पेन्स पडत. सहाच्या बाटलीत हा फरक फार मोठा. म्हणून खालच्या फळीवरच्या काही ओळखीच्या बाटल्या गुपचूप अकरावर आल्या. अल्कोहोल कमी झालं की वाइनचं अंग हलकं होतं आणि ते भरून काढायला पुन्हा साखर कामाला येते. अर्थखात्यात दर बदलतो आणि आमच्या मोज्यातली चव बदलते. ओकच्या पिंपाचंही तेच. २२५ लिटरचं नवं फ्रेंच पिंप काही शे युरोंचं असतं. सहाच्या बाटलीला ते झेपणारं नाही. मग ओकच्या चिपा टाकीत बुडवून व्हॅनिलाचा वास आणतात. युरोपीय संघानं त्याला २००६ मध्ये परवानगी दिली. फसवणूक म्हणावी असं यात काही नाही, पण मोज्यातून आलेल्या पेल्यात हा वास फळाच्या अंगाला न चिकटता वर तरंगताना जाणवतो. एकदा तो ओळखता आला की मग सारखा भेटत राहतो.

या सगळ्यात वाइन बिघडलेली मात्र क्वचितच असते, हे मान्य करायला हवं. फळीवरची पुष्कळशी वाइन इथे बाटलीतून येतच नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये एक मोठी लवचीक पिशवी बसवतात, तिच्यात सुमारे २४ हजार लिटर वाइन मावते. म्हणजे ३२ हजार बाटल्या. बाटल्या भरून पाठवल्या तर त्याच कंटेनरमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी वाइन जाते. ऑस्ट्रेलियातून, चिलीतून, दक्षिण आफ्रिकेतून अशा पिशव्या येतात आणि ब्रिस्टलजवळच्या एव्हनमथसारख्या ठिकाणी त्यातली वाइन बाटल्यांत भरली जाते. पिशवीत ओतण्याआधी वेगवेगळ्या बागांचा, कधी वेगवेगळ्या प्रांतांचा माल एकत्र करून चव जुळवलेली असते, अशी की गेल्या वर्षीचं गिऱ्हाईक या वर्षी बिचकू नये. पाऊस जास्त झाला, उन्हाळा करपला, तरी फळीवर त्याची खबर पोचता कामा नये. हे काम करणारे लोक कसबी असतात, यात शंका नाही. पण त्यांच्या कसबाचा शेवट होतो तो लग्नाच्या पंगतीत केटररनं वाढलेल्या पनीरच्या भाजीत: कुणी तक्रार करत नाही आणि घरी गेल्यावर कुणाला आठवत नाही. दोष नाही म्हणून गुण असेलच असं नाही, हे वाइनइतकं दुसऱ्या कशानं मला पटवलेलं नाही.

पदकांचा विषय निघाला की मी कॅलिफोर्नियाच्या स्टेट फेअरची गोष्ट सांगते. ट्रेडर जोज या दुकानांनी २००२ मध्ये ‘चार्ल्स शॉ’ ही वाइन १ डॉलर ९९ सेंट्सना विकायला काढली. लोकांनी तिला ‘टू बक चक’ म्हणायला सुरुवात केली. २००७ मध्ये याच वाइनच्या २००५ च्या शार्डोनेला स्टेट फेअरमध्ये कॅलिफोर्नियातली सर्वोत्कृष्ट शार्डोने ठरवण्यात आलं. गरिबाच्या बाटलीनं श्रीमंतांची जिरवली, असा आनंद सगळ्यांना झाला. पण त्याच स्पर्धेतल्या परीक्षकांना, काही वर्षं, एकाच बाटलीतली वाइन तीनदा, वेगवेगळ्या क्रमांकांखाली, त्यांना न सांगता देण्यात येत होती. रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक आणि छोट्या वायनरीचे मालक. त्यांनी हे जमवून आणलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. तिन्ही वेळा जवळपास सारखे मार्क देणारा परीक्षक दहातला एखादाच निघाला. आणि तोही पुढच्या वर्षी तसाच राहील याची खात्री नव्हती. म्हणजे ‘टू बक चक’चं सोनं खरं मानायचं तर बाकीच्यांची हुकलेली पदकंही खरी मानावी लागतात.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातच दुसरा प्रयोग छापून आला. माणसांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून एकच वाइन एकदा पाच डॉलरची म्हणून आणि एकदा पंचेचाळीस डॉलरची म्हणून पाजली. महाग म्हटल्यावर ती जास्त आवडली. एवढंच नाही, मेंदूतला सुखाशी जोडलेला भागही जास्त उजळला. लोक हे ऐकून हसतात, वाइनवाल्यांचं पितळ उघडं पडलं म्हणून. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. ती माणसं शिष्टपणानं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच जास्त आवडली. किंमत डोळ्यांनी वाचली जाते आणि जिभेवर उतरते. मोज्याचं काम एवढंच की थोडा वेळ तिला दाराबाहेर उभं करायचं.

मोजे काढल्यावर काय निघतं याकडे आता माझं जास्त लक्ष असतं. अकरा मार्कांची पण तळ दाखवणारी बाटली कुठली असते? बघता बघता एक ठरावीक जात दिसायला लागली. स्वस्त वाइनमध्ये दोन घराणी आहेत. एक मुळातच स्वस्त केलेली: सपाट जमीन, भरपूर पाणी, यंत्रानं तोडणी, हेक्टरी प्रचंड माल. दुसरी स्वस्त राहून गेलेली. तिच्यात काही कमी नसतं, फक्त जगाची नजर तिच्यावरून दुसरीकडे गेलेली असते.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गॅस्कनी आहे. तिथली कोलोंबार आणि उन्यी ब्लाँ ही द्राक्षं पिढ्यान्‌पिढ्या आर्मान्याक ब्रँडीसाठी लावलेली. आर्मान्याकचा खप आटला तेव्हा शेतकऱ्यांनी त्याच द्राक्षांची ताजी, आंबूस, कमी अल्कोहोलची पांढरी वाइन करायला घेतली. आज ‘कोत द गॅस्कोन्य’ लिहिलेली बाटली खालच्या फळीवर असते आणि आमच्या टेबलावर ती पहिल्या तासात संपते. स्पेनमध्ये आरागॉनच्या कोरड्या, उंचावरच्या डोंगरउतारांवर, कालातायुदच्या बाजूला, गार्नाचाच्या जुन्या वेली आहेत. पाणी कमी, माल कमी, म्हणून रसात दम. पण नाव रिओहा प्रांताचं मोठं, म्हणून भाव नाही. दक्षिण आफ्रिकेत शेनिन ब्लाँची जुनी झुडपं पुष्कळशी ब्रँडीसाठी ठेवलेली होती, त्यांतून आता उत्तम वाइन निघते. आणि जर्मन रीसलिंग. १९७० आणि ८० च्या दशकांत ‘ब्लू नन’सारख्या लीबफ्राउमिल्श या गोडसर जर्मन वाइननं ब्रिटनच्या घराघरात ठाण मांडलं आणि पुढे तिची इतकी चेष्टा झाली की चांगली रीसलिंगही त्या चेष्टेत भरडली गेली. अजून तिच्या वाट्याला पुरेसं गिऱ्हाईक येत नाही. आमच्या पथ्यावर पडतं ते असं. वहिनींनी एकदा बैठकीनंतर तांबडा रस्सा वाढला आणि साडेचौदा टक्क्यांची शिराझ, जिला मगाशी सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं, ती तोंडात जाळ झाली. तिखट आणि अल्कोहोल दोन्ही तोंडातल्या एकाच उष्णतेच्या संवेदकाला डिवचतात. किंचित गोड, भरपूर आंबट, साडेदहा टक्क्यांची रीसलिंग मात्र रश्शाशी शेवटपर्यंत गुण्यागोविंदानं नांदली.

एप्रिलची छाटणी उरकून माझे सासरे मे महिन्यात आमच्याकडे आले. आप्पांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षांची. गळ्यात तुळशीची माळ. दुकानात गेलो तर ते आधी फळांकडे गेले. हंगाम सरत आला होता, पण भारतातली द्राक्षं अजून होती: अर्धा किलोचा डबा दोन पौंडांना. त्यांनी डबा उचलून उलटा करून देठ पाहिला, हिरवा आहे का ते. मग माझ्यामागून वाइनच्या गल्लीत आले आणि टॅग वाचत उभे राहिले.

“एका बाटलीला द्राक्षं किती लागतात गं?”

“किलोभर. सव्वा किलो म्हणा.”

“आणि बाटली सहाला. सरकारचे किती त्यात?”

“पावणेचार.”

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. “म्हणजे डब्यातली द्राक्षं चार पौंड किलो, आणि तीच चिरडून, आंबवून, बाटलीत घालून, सरकारला पावणेचार देऊनशान सहा. मग बागवाल्याला त्यात काय सुटलं?” आजूबाजूला ट्रॉल्या चालल्या होत्या. माझ्यापाशी उत्तर नव्हतं, पावतीवरचा हिशेब होता. तो मी सांगितला. त्यांनी मान डोलावली. असल्या हिशेबाची त्यांना सवय होती.

त्या शनिवारी ते टेबलाशी बसले. पिणार नव्हतेच. “पण वासाला माळ आडवी येत नाही,” म्हणाले आणि पेले ओढून घेतले. नाक आत घालून, डोळे मिटून, एकेक. पहिल्या पेल्यावर फार वेळ लागला नाही. “हा आमचा एक्स्पोर्टचा माल.” म्हणजे काय, असं डॉक्टरांनी विचारलं. मग आप्पांनी समजावलं. परदेशी पाठवायच्या घडाची विरळणी करायची, संजीवकात बुडवायचा, मणी फुगवायचा, सगळे मणी सोळा-अठरा मिलीमीटरचे, रंग एक, गोडी एक, बी नाही. घडाला कागद लावायचा, सावलीत ठेवायचा. “दिसायला देखणा. खायला गोड. पण एका बागेतला खाल्ला काय, दहा बागांतला खाल्ला काय, सारखाच. त्यांना तसाच पाहिजे, आम्ही तसाच करतो.” तिसऱ्या पेल्यावर ते थांबले, पुन्हा नाक घातलं. “ह्याच्यात साल आहे. देठ आहे थोडा. ऊन लागलेलं आहे ह्याला. ह्याला कुणी कागद लावला नव्हता.”

मोजे काढले तेव्हा पहिली निघाली इंग्लंडात भरलेली ऑस्ट्रेलियन शिराझ, तिसरी कालातायुदची गार्नाचा. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. आप्पांना त्यात विशेष वाटलं नाही. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची असतात आणि चव असते ती सालीतच, हे त्यांना त्यांच्याच शिवारात ठाऊक झालेलं. शेजारच्यानं एका कंपनीबरोबर करार करून दोन एकर वाइनची बाग लावली होती. २००८ नंतरच्या मंदीत नाशिक भागात कितीतरी जणांनी अशा बागा तोडल्या, त्यात तीही गेली. मी त्यांना ऑस्ट्रेलियाची हकीकत सांगितली. चीननं मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनवर दोनशे टक्क्यांच्या वर जाणारे कर लावले, मार्च २०२४ मध्ये ते उठवले; तोपर्यंत रिव्हरलँडसारख्या भागात लाल वाइनच्या टाक्या भरून वाहत होत्या, द्राक्षांना भाव राहिला नव्हता आणि लोक वेली उपटत होते. आमची सहाची शिराझ एवढी स्वस्त असण्यात त्या पडलेल्या भावाचाही हात असणार. “म्हणजे तिकडेबी तेच,” आप्पा म्हणाले आणि भडंग मागितलं.

त्या रात्रीनंतर फळीकडे बघताना मला तिच्यामागचा माणूस दिसायला लागला असं म्हणणं गोड होईल, पण ते तितकंसं खरं नाही. बाटलीच्या पाठीवर शेतकऱ्याचं नाव नसतं. दिसतं ते एवढंच की एकसारखेपणा हे सुपरमार्केटचं मूळ मागणं आहे, द्राक्षाच्या डब्यात आणि वाइनच्या बाटलीतही, आणि जो माल एकसारखा आहे त्याचा उत्पादक कधीही बदलता येतो. चिलीचा नाही परवडला तर आफ्रिकेचा. निफाडचा नाही तर पेरू देशाचा. ज्या वाइनला स्वतःची ओळख आहे तिच्या बागवाल्याला निदान थोडी तरी घासाघीस करता येते. गिऱ्हाइकाची जीभ इथे उपयोगी पडू शकते. तिला दोन वाइनमधला फरक कळलाच नाही तर दुकानाला तरी तो ठेवायची काय गरज?

महाराष्ट्रात हा प्रश्न अजून फळीपर्यंत पोचलेला नाही. राज्यानं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क केली, करात सूट दिली. नाशिकची शेनिन ब्लाँ आज जगभरच्या भारतीय रेस्टॉरंटांत दिसते. आम्हीही एकदा ती मोज्यात घालून आफ्रिकेच्या बहिणीशेजारी उभी केली आणि मतं सरळ दोन गटांत वाटली गेली. मग २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं ठरवलं की शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटात, कुलूप लावता येईल अशा कपाटातून, वाइन विकता येईल. शेतकऱ्याच्या फायद्यासाठी, असं सांगितलं गेलं. वादळ उठलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. वाइन म्हणजे दारू की दारू नव्हे, यावर टीव्हीवर संध्याकाळच्या संध्याकाळ गेल्या. निर्णय कागदावर राहिला. हौशी मंडळी पूर्वीसारखीच गोव्याला जातात, तिथल्या सुपरमार्केटात उजळ माथ्यानं ट्रॉली ढकलतात आणि बंगळूर ब्ल्यू द्राक्षांच्या गोड पोर्ट वाइनच्या बाटल्या घेतात. मराठी जिभेवरची पहिली वाइन पुष्कळदा तीच असते, आणि पहिल्या घोटाला गोड का जिंकतं ते तर आपण पाहिलंच.

दारूबंदीवाल्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दारूनं घरं बसलेली मी माहेरी पाहिली आहेत, आणि माळ घातलेला माणूस माझ्याच घरात आहे. पण त्या वादात त्या कपाटात नेमकं काय उभं राहणार, हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. विकणाऱ्याला परवाना दिसत होता, विरोध करणाऱ्याला व्यसन, सरकारला महसूल. बागवाल्याचं भलं मात्र यावर ठरणार होतं की नाशिकच्या गिऱ्हाइकाला एका शिवाराची वाइन दुसऱ्या शिवारापेक्षा वेगळी लागते की नाही. नसेल लागत, तर सगळ्यांत स्वस्त टाकी जिंकेल आणि ती नाशिकचीच असेल असं नाही.

कुणी नव्यानं विचारलं, स्वस्तातली वाइन कुठली घ्यावी, तर मी एकच सांगते: एक घेऊ नका, दोन घ्या, आणि त्या एकाच घराण्यातल्या नकोत. एक स्वस्त केलेली, एक स्वस्त राहिलेली. मार्क द्या, मग विसरून जेवायला बसा आणि शेवटी कुठली बाटली हलकी झाली ते बघा. महाराष्ट्रातलं ते कपाट उद्या खरंच उघडलं तर त्यातही निदान दोन बाटल्या अशा असाव्यात की त्या शेजारी ठेवल्या तर निफाडची कुठली आणि दिंडोरीची कुठली, हे आप्पांना वासावरून सांगता यावं. एकसारख्या वीस बाटल्याच ठेवायच्या असतील तर एवढं भांडायचं काही कारण नव्हतं.